रेडिएटरच्या पंख्याची काळी डबी: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

पाण्याचं तापमान बघून रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आपोआप चालू-बंद करणारी ही डबी. पाचपैकी साडेतीन. एक गुण कापलाय तो डबीवरच्या त्या इवल्याशा स्क्रूसाठी आणि अर्धा तिच्यासोबत आलेल्या वायरींसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच धाटणीच्या डब्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

गाडी १९६५ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मुळात हिचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला. इंजिन जितकं फिरेल तितका तोही फिरणार, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा आळशी. गाडी गर्दीत अडकली, इंजिन आठशे आरपीएमवर धुगधुगतंय, तेव्हा तो निवांत हात हलवल्यासारखा फिरतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून भरपूर वारा येत असतो, पंख्याचं काहीच काम नसतं, तेव्हा मात्र घोंघावत इंजिनाची ताकद खातो. तो काढून इलेक्ट्रिक पंखा लावायचा हे ठरायला वेळ लागला नाही. तो केव्हा चालू करायचा आणि केव्हा बंद, हे ठरवण्यात मात्र दोन वर्षं गेली.

पहिलं वर्ष डॅशबोर्डखालच्या साध्या बटणावर काढलं. बटण वाईट नसतं, विसराळू मी आहे. एकदा बोलण्याच्या नादात तापमानाचा काटा कुठवर गेलाय ते पाहिलंच नाही, आणि थांबल्यावर बॉनेटखालून किटलीसारखा आवाज आला. त्यानंतर ही डबी घेतली.

डबी तळहाताएवढी, पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. रिलेसारखा (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) खटका तिच्यात नाही. ती करंट सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडते आणि त्यातून पंख्याचा वेग कमी-जास्त करते. तिची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. साध्या रिलेवर पंखा सुरू होताना माझ्या क्लॅम्प मीटरने क्षणभर तिसाच्या वर अँपिअर दाखवले होते, नंतर तो अकरावर स्थिरावला. हेडलाइट लावलेले असले तर त्या क्षणी ते डोळे मिचकावल्यासारखे मंद व्हायचे. डबीवर तो आधी कुजबुजल्यासारखा सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत वेग घेतो. हेडलाइटला पत्ताही लागत नाही. हळू फिरताना मोटरीतून एक बारीक चिरका सूर येतो. मला तो खुपत नाही, पण शांततेचे भोक्ते असाल तर खुपेल.

विकत घेण्याआधी मात्र एक पाहा. ही डबी फक्त निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी आहे. त्या काळातल्या एमजीबीची बॉडी पॉझिटिव्हला जोडलेली असते. तशीच जोडलीत तर धूर निघेल आणि वॉरंटीही विसरा. शिवाय मूळ डायनामो पूर्ण जोरात असला तरी जेमतेम २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) जवळपास काहीच नाही. इग्निशनचा लाल दिवा मिणमिणतो तो त्याचमुळे. म्हणजे पंख्याला सगळ्यात जास्त करंट लागतो तेव्हाच डायनामो हात वर करतो आणि भार बॅटरीवर पडतो. मी आधीच अर्थ बदलून ३४ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला होता म्हणून निभावलं. डबीच्या दोन पानी माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नाही.

आता तो स्क्रू. तापमान ठरवायला डबीवर घड्याळजीच्या पेचकसाने फिरवायचा एक स्क्रू आहे, आणि त्याच्याभोवती एकही आकडा नाही. एका टोकाला ‘कमी’, दुसऱ्या टोकाला ‘जास्त’, मधे तुमचं नशीब. मी सेन्सर पातेल्यात सोडला, शेजारी स्वयंपाकातला थर्मामीटर टांगला, पाणी तापवलं आणि पंखा सुरू होईल तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. एक अख्खी संध्याकाळ यात गेली. हे काम पैसे घेणाऱ्याने करून द्यायला हवं होतं.

इतकं करूनही पहिल्याच फेरीत पंखा सुरू झाला तो थांबेचना. मी डबीला शिव्या घातल्या, चूक माझी होती. पंखा बंद होण्याचं तापमान मी ८० अंशांवर ठेवलं होतं आणि सेन्सर होता रेडिएटरच्या वरच्या होजपाशी (रबरी नळीपाशी), जिथे इंजिनातून आलेलं पाणी लागतं. माझा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२चा. इंजिनातलं पाणी ८२च्या खाली जायला लागलं की तो मिटत जाऊन ते पुन्हा वर आणतो. म्हणजे सेन्सरला ८० दिसणारच नव्हतं, पंखा बिचारा जन्मभर फिरत राहिला असता. आता ९२ला चालू, ८६ला बंद असं ठेवलंय. हा सहा अंशांचा फरकही हवाच, नाहीतर पंखा दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद करत बसतो. खालच्या होजवर सेन्सर लावणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे रेडिएटरमधून निवून निघालेलं पाणी असतं, त्यामुळे आकडे बरेच खाली धरावे लागतात.

सेन्सर बसवायच्या दोन तऱ्हा कंपनी सुचवते. एक, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत खुपसायचा. दोन, त्याची नळी होजच्या तोंडातून आत सारून वरून क्लॅम्प आवळायचा. दुसरी तऱ्हा मी करून पाहिली. नळी कितीही बारीक असली तरी रबर आणि धातूमधे फट राहतेच, आणि दुसऱ्या दिवशी खाली हिरवट थेंब दिसले. शेवटी होज मधोमध कापून त्यात आट्यांचं भोक असलेला ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला आणि सेन्सर त्यात पिळला. त्या तुकड्याला वेगळी अर्थ लागते का ते आपापल्या सेन्सरवर बघा. दोन वायरींचा असेल तर लागत नाही. पंखाही त्या प्लॅस्टिकच्या बंदांनी थेट रेडिएटरच्या गाभ्याला बांधू नका. हादऱ्याने बंद पत्रे कापत जातात आणि एक दिवस रेडिएटरच्या नळीलाच भोक पडतं. मी दोन पट्ट्या मारून तो फ्रेमवर टांगलाय.

वायरींबद्दल. डबीसोबत आलेली फ्यूजची वाटी (होल्डर) पहिल्या महिन्यात मऊ पडली. फ्यूज शाबूत, वाटी वितळलेली. आतलं क्रिम्पिंग (वायरीवर दाबून बसवलेला जोड) बोटाने ओढलं तर सुटून हातात आलं. मीटर लावला तर बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंख्याच्या टोकाला ११.३. अडीच व्होल्ट त्या हडकुळ्या वायरी आणि त्यांच्या जोडांत उष्णता होऊन उडत होते, आणि पंखा आजारी असल्यासारखा फिरत होता. जाड वायर, नवी वाटी, अर्थ खरवडून थेट चासीला. आता १३.४ मिळतात. पंखा तोच, आवाजावरून दुसरा वाटतो.

वायरी बदलताना दोन टोकं उलटी लागली ती गोष्ट वेगळी. मला कळलंच नाही, वारा तर येत होता. मुलगी समोर कागद धरून उभी होती. “बाबा, हा जाळीला चिकटायला हवा ना? हा तर माझ्या तोंडावर येतोय.” पंखा रेडिएटरच्या मागे आहे, त्याने समोरची हवा ओढायला हवी. तो ती इंजिनाकडून पुढे ढकलत होता, चालत्या गाडीच्या वाऱ्याशी कुस्ती खेळत.

डबीचं मनापासून कौतुक करायचं ते एका गोष्टीसाठी. मी मुद्दाम सेन्सरची वायर उपटली. डबीने तीन सेकंद विचार केला आणि पंखा पूर्ण वेगाने सोडला. असंच हवं. बिघडायचंच तर पंखा चालू ठेवून बिघडावं.

दुसरा फायदा अनपेक्षित. जुन्या रिलेच्या जोडणीत मी पंख्याला करंट इग्निशनच्या वायरीवरूनच दिला होता. किल्ली बंद केली तरी इंजिन दोन-तीन सेकंद चालूच राहायचं. मी कार्ब्युरेटरवर संशय घेतला, प्लग बदलले. भानगड वेगळीच होती. किल्ली बंद झाल्यावरही पंख्याची पाती गतीने फिरत राहतात, मोटर तेवढ्यापुरती जनरेटर होते, आणि तिने तयार केलेला करंट उलटा इग्निशन कॉइलला पोचतो. रिलेलाही तोच करंट धरून ठेवतो. डबीची मुख्य वायर फ्यूजमधून थेट बॅटरीला जाते आणि इग्निशनची वायर नुसता इशारा देते, त्यामुळे ते भूत आपोआप उतरलं. रिलेच वापरणार असाल तर त्याचं ३० नंबरचं टोक (जिथून मुख्य करंट आत येतो ते) बॅटरीवरून घ्या, इग्निशनवरून नको.

गाडी बंद केल्यावरही पंखा काही वेळ चालू ठेवायची सोय डबीत आहे. मी ती काढून टाकली. वॉटर पंप थांबलेला असतो, त्यामुळे गार होतं ते मुख्यतः रेडिएटरमधलं पाणी, इंजिनातलं नाही. थोडंफार पाणी आपसूक फिरतं, पण त्यासाठी बॅटरी खर्च करायची माझी तयारी नाही. ज्यांच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उन्हात उकळतं त्यांनी ती ठेवून बघावी.

जुनं बटण मी काढलेलं नाही. आता ते डबीला वळसा घालून एका रिलेमार्फत पंख्याला जातं, आणि पंखा फिरत असला की शेजारी एक पिवळा दिवा लागतो. बटणाला या दोन उन्हाळ्यांत एकदाच हात लावावा लागला, तो वाटी वितळली त्या दिवशी.