घरामागच्या शेडसाठी टिग: यार्डातलं धूड, कारखान्यातला इन्व्हर्टर की लहान एसी-डीसी?

भाच्याने साखळीहून तीन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ: "मामा, यातलं कुठलं घेऊ?"

तिन्ही टिग वेल्डिंगची वापरलेली मशीनं. टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकातून विजेची कमान (आर्क) पेटवायची आणि तिच्याभोवती आर्गन वायू सोडून धातू जोडायचा. पहिला फोटो झुआरीकाठच्या एका बंद पडलेल्या यार्डातल्या 300 अँपिअरच्या ट्रान्स्फॉर्मर मशीनचा. एसी-डीसी दोन्ही, पाण्यावर थंड होणारा टॉर्च, वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे. दुसरा वेर्ण्याच्या एका कारखान्याने काढलेल्या 315 अँपिअरच्या थ्री-फेज इन्व्हर्टरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मशीनचा. तिसरा म्हापशाच्या एका फॅब्रिकेटरने दोन वर्षं वापरलेल्या 200 अँपिअरच्या सिंगल-फेज एसी-डीसी इन्व्हर्टरचा. सांगितलेल्या किमती अनुक्रमे 28, 35 आणि 42 हजार. भाच्याचा जीव अर्थातच पहिल्यावर. सगळ्यात मोठं मशीन सगळ्यात स्वस्त मिळतंय म्हटल्यावर कोणाचा नसेल?

त्याचं काम काय ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. स्टेनलेसची रेलिंगं, दीड-दोन मिलीचे पाइप, अधूनमधून मोटरसायकलचं अॅल्युमिनियमचं कव्हर किंवा होडीची टाकी. दिवसाला दोन तास, तेही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. स्टीलला ढोबळ हिशेब मिलीमागे 40 अँपिअरचा, स्टेनलेसला त्याहून थोडा कमीच. म्हणजे त्याचं रोजचं काम 60 ते 80 अँपिअरमध्ये संपतं. 3 मिलीच्या अॅल्युमिनियमला 120 धरा.

मधल्या मशीनचा निकाल लवकर लागला. फोटो मोठा करून त्याच्यावरची पाटी वाचली. आउटपुटच्या रकान्यात सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ होती. एसीची नागमोडी रेघ त्या रकान्यात नव्हती. म्हणजे नुसतं डीसी. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्या पुढेही तग धरतो. तो फोडायला टिगमध्ये एसी लागतो. डीसीवर आर्गन लावून नेहमीच्या जोडणीने प्रयत्न केलात तर आतला धातू पातळ होतो आणि वरची साय तशीच राहते. विकणारा सांगतो, "टिग आहे, सगळं होतं." टिग आहे हे खरं, सगळं होतं हे खोटं. नुसतं स्टेनलेस करणाऱ्याला हे मशीन उत्तम, पण ज्याच्याकडे थ्री-फेज आहे त्यालाच. शिवाय कारखान्याच्या मशीनमध्ये ग्राइंडरची लोखंडी धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसलेली असते. आपल्या पावसाळी हवेत ती ओल धरते आणि एक दिवस सर्किटच्या कार्डावर फट्ट. कार्ड मिळालं तर मिळालं.

आता त्या धुडाकडे. मी स्वतः कुंडईच्या एका कारखान्यात 19 वर्षं मेंटेनन्सला होतो, त्यामुळे असल्या मशीनबद्दल मला माया आहे हे आधीच कबूल करतो. गोव्यात ती कुठून येतात हेही उघड आहे. 2012 मध्ये खाणी थांबल्या, खनिज वाहणाऱ्या बार्जी नांगरून पडल्या, यार्डांची कामं आटली आणि शेडमधली मशीनं हळूहळू भंगारवाल्यांच्या हाती गेली. अशा मशीनच्या आत तांब्याचे वेढे, लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि मनगटाएवढे डायोड. बिघडलं तर दिसतं, दिसलं तर दुरुस्त होतं. अगदीच मेलं तरी तांबं वजनावर विकता येतं.

आम्ही दोघं रविवारी बघायला गेलो. बाजूची जाळी काढली तर कुंभारीण माशीने मातीची घरं बांधून पंख्याच्या मागची वाट बंद केलेली. ते काही नाही, स्क्रूड्रायव्हरने निघतं. एचएफच्या, म्हणजे कमान पेटवणारी हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी देणाऱ्या डब्यातले स्पार्क गॅपचे टंगस्टन टोक काळे पडून खड्डे पडलेले. तेही घासून, फीलर गेजने फट लावून सुटतं. पाण्याचा पंप मात्र जाम होता आणि टाकीत तांबूस गाळ. कोणीतरी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेलं. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असतं, ते टॉर्चच्या बारीक नळीत बसतं. या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं असतं.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, मी बरोबर नेला होता. डायोड आणि कार्डाच्या वायरी सोडवून 500 व्होल्टवर वेढे आणि बॉडीमध्ये बघितलं तर काटा अर्ध्या मेगओहमवर. म्हणजे वेढ्यांनी ओल धरलेली. अशा मशीनला तिथेच करंट देऊन "बघा, चालतंय" म्हणणाऱ्याचा हात धरा. आत 100 वॉटचे दोन बल्ब दोन दिवस पेटते ठेवले की बहुतेक वेळा काटा वर येतो. पुढेही मिरगापासून चवथीपर्यंत आत एक बल्ब ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

इथपर्यंत मी त्याला ते घ्यायलाच सांगणार होतो. मग पाटी वाचली: 415 व्होल्ट, दोन फेज, ओपन सर्किट (कमान पेटलेली नसताना) 72 व्होल्ट, पूर्ण भाराला लाइनवरून 52 अँपिअर.

कागद काढून हिशेब केला. 100 अँपिअरला कमानीवर पडतात जेमतेम 14 व्होल्ट, म्हणजे खरं काम 1.4 किलोवॉटचं. पण ट्रान्स्फॉर्मर देतो 72 व्होल्ट, उरलेले मधल्या रिअॅक्टरच्या वेटोळ्यात अडवतो. त्यामुळे लाइनवरून ओढतो 7.2 केव्हीए, दोन फेजवर 17-17 अँपिअर. 150 अँपिअरला ते 26 होतात आणि तिसरा फेज रिकामा. भाच्याच्या घरात सिंगल-फेज. म्हणजे मशीनआधी थ्री-फेजचा अर्ज, वाढीव मंजूर भार, नवीन केबल आणि महिन्याचा स्थिर आकार. वीज खात्यात खेपा किती ते ज्याने घातल्या त्याला विचारा.

"आजोबांच्या कुळागरात पंपाला थ्री-फेज आहे ना," भाचा म्हणाला. आहे. पण ती जोडणी शेतीच्या दराची. ज्या कारणासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वापरणं 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 मध्ये बसतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. पोफळीखाली टिग पेटवायची कल्पना तिथेच सोडली.

दुसरी अडचण पाटीवर लिहिलेली नसते. जुन्या मशीनला एसीवर एचएफ सतत चालू लागतो. 50 हर्ट्झची साइन लाट दर अर्ध्या फेऱ्यात शून्यातून जाते आणि कमान विझायला बघते. तिला जागी ठेवणाऱ्या एचएफची फडफड आजूबाजूच्या वायरींत शिरते. माझ्याकडे असलं एक मशीन काही महिने होतं. मी अॅल्युमिनियम लावलं की घरचा राउटर आडवा आणि शेजारच्या वहिनींची मालिका नेमकी रंगात आलेली असताना सेट-टॉप बॉक्स गार. अर्थिंग चांगलं असेल तर हे बरंच कमी होतं. पण मे महिन्यात सुकलेल्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा म्हणजे नुसता खड्डाच. रोज बादलीभर पाणी ओतायला लागायचं.

मग तिसरं. वजन 20 किलोच्या आसपास, एका हाताने उचलून शेडमधून घरात नेता येतं, आणि पावसाळ्यात न्यायचंच. 150 अँपिअरला कमानीवर 16 व्होल्ट धरले तर 2.4 किलोवॉट, आतला तोटा धरून 3, पॉवर फॅक्टर 0.7 धरला तर लाइनवर 18-19 अँपिअर. सिंगल-फेजवर हे चालतं, फक्त 16 अँपिअरच्या सॉकेटवर नाही. मीटरपासून वेगळी 6 स्क्वेअर मिलीची वायर आणि 32 चा एमसीबी. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात हे मशीन कुरकुर करतं, धूड तेवढं करत नाही.

एसीच्या बाबतीत मात्र हेच सरस. लाट चौकोनी, तिची फ्रिक्वेन्सी आणि बॅलन्स आपल्या हातात. 100 हर्ट्झच्या वर नेलं की कमान निमुळती होते, कोपऱ्यातली शिवण सोपी जाते. एचएफ फक्त पेटवताना लागतो. शुद्ध टंगस्टनचा गोळा करत बसायला नको, सोनेरी टोकाचा लँथनेटेड टंगस्टन एसी-डीसी दोन्हींना चालतो. जुन्या मशीनबरोबर लाल टोकाच्या थोरिएटेड रॉडची डबी फुकट मिळत होती, ती मी परत ठेवली. किरणोत्सारी असते आणि घासताना धूळ नाकात जाते.

ड्युटी सायकलमध्ये धूड जिंकतं. त्याला 300 अँपिअरला 60 टक्के, म्हणजे 10 मिनिटांत 6 मिनिटं. लहानाला 200 ला 40 टक्के. उष्णतेच्या हिशेबाने ते न थांबता साधारण 125 अँपिअर देऊ शकेल. भाच्याला तेवढं पुरतं. 5-6 मिलीचं अॅल्युमिनियम रोज करणारा, दारात थ्री-फेज असलेला आणि शेजार लांब असलेला कोणी हे वाचत असेल तर त्याने उद्याच यार्डात जावं. त्याला 28 हजारांत तसं दुसरं मिळणार नाही.

गॅसला तिन्ही सारखीच. 7 घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला 8 लिटरने साडेचौदा तास पुरतो. यार्डवाला एक जुना सिलिंडरही देत होता. खांद्यावर शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) तारीख कोरलेली असते, दर 5 वर्षांनी ती व्हावी लागते. ती केव्हाच उलटून गेलेली आणि कागद नाहीत. असला सिलिंडर एजन्सी भरून देत नाही.

शनिवारी म्हापशाला जायचं ठरलंय. बरोबर 3 मिलीची अॅल्युमिनियमची पट्टी, स्टेनलेसचा नवा ब्रश आणि आमचा स्वतःचा आर्गन नेणार. आधी झाकण काढून विजेरीच्या उजेडात कार्डावर हिरवा बुरशीसारखा गंज आहे का आणि कपॅसिटरची डोकी फुगलीत का ते बघायचं. करंट काढून पाच मिनिटं थांबल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हे भाच्याकडून दोनदा म्हणवून घेतलंय. मग 120 वर सलग पाच मिनिटं. डबकं आरशासारखं चकचकीत राहिलं तर 38 हजारांना मागायचं. काजळी आली तर आधी गॅसचा होज आणि टॉर्चच्या टोकातली गॅस लेन्सची जाळी तपासायची, कारण तो दोष मशीनचा असेलच असं नाही. विकणाऱ्याला मात्र तेवढ्यात तो मशीनचाच वाटला तर वाटू द्यावा.