विरघळणारा टाका: पॉलीग्लॅक्टिन ९१० नेमका किती दिवस ताण धरतो?

पाकिटावर शोषणाचा काळ ५६ ते ७० दिवस दिलेला असतो. तेवढे दिवस टाका जखम धरून ठेवेल, असा अर्थ कृपया काढू नका. ६-० (धाग्याच्या जाडीचा क्रमांक) आणि त्याहून जाड धाग्यात २ आठवड्यांनी मूळ ताकदीच्या साधारण ७५ टक्के उरते, ३ आठवड्यांनी ५०, ४ आठवड्यांनी २५. पाचव्या आठवड्यात ताकद जवळपास संपते, धागा मात्र जागेवर दिसतोच.

हा धागा ९० टक्के ग्लायकोलाइड आणि १० टक्के लॅक्टाइडचा. पाणी आधी अस्फटिकी भागात, म्हणजे रेणूंच्या साखळ्या विस्कळीत असलेल्या भागात शिरतं आणि तिथले एस्टर बंध, म्हणजे साखळीतले दुवे तोडतं. स्फटिकांना एकमेकांशी जोडणाऱ्या साखळ्या याच भागात असतात. त्या तुटल्या की ताकद जाते, पण वजन तेवढंच राहतं. तुकडे पाण्यात विरघळण्याइतके लहान झाले की मगच वजन घटू लागतं. मधल्या काळात मोकळ्या झालेल्या साखळ्या नव्याने रचून बसतात, स्फटिकांचं प्रमाण उलट वाढतं आणि धागा ठिसूळ होतो. कॅटगट (जनावरांच्या आतड्यापासून बनवलेला धागा) शरीरातल्या एन्झाइमांच्या भरवशावर विरघळतो, त्यामुळे प्रत्येक रुग्णात त्याचं गणित वेगळं. इथे काम मुख्यतः पाण्याचं, म्हणून अंदाज बराच पक्का. आमच्या मते हाच याचा सर्वांत मोठा गुण.

हाताळायला मऊ, गाठ छान बसते. त्वचेखालच्या थराला आणि आतड्याला उत्तम. पोट बंद करताना फॅशियाला (स्नायूंवरच्या चिवट पडद्याला) मात्र नको. तो थर महिनोन्महिने ताकद कमावत असतो, तिथे पॉलीडायऑक्सॅनोन हा जास्त काळ ताकद धरणारा विरघळणारा धागाच घ्या. विणलेला असल्याने संसर्ग झालेल्या जखमेतही टाळावा, जंतू धाग्यांच्या फटींत लपतात. प्रोटियस या जंतूमुळे अल्कधर्मी झालेल्या लघवीत तर तो फार लवकर तुटतो.

नीडल होल्डरने (सुई धरायच्या चिमट्याने) धागा मध्येच चिमटू नका, तिथूनच तो तुटेल. पाकीट फोडल्यावर उरलेला धागा टाकून द्या, कारण हवेतली आर्द्रताही त्याला पुरते. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) तर अजिबात नको: गरम वाफ म्हणजे तीच जलविघटनाची क्रिया, कितीतरी वेगाने.

प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर ३७ अंश सेल्सिअस, पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घ्या. बफर भरपूर हवा आणि पीएच वरचेवर मोजा. तो घसरला तर विघटनाचा वेगच बदलतो. धागा ओलाच ओढून पाहा. वाळवून ओढलात तर मिळणारा आकडा शरीरातल्या ओल्या धाग्याचा नसतो.