84 दिवसांचा बिनडेटा पॅक: अण्णांचा सप्ताह अन् गायब झालेले 81 रुपये

आधीच सांगतो, पॅक वाईट नाही. पाचपैकी साडेतीन देतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सगळ्यांचंच थोड्याफार फरकानं असंच आहे, अन् भांडण करायचा मूड बी नाही.

आमचे अण्णा अंबाजोगाई तालुक्यात गावाकडं राहतात, मी लातूरला. फोन स्मार्टफोनच आहे पण नेट त्यांना नको. व्हिडिओ बघत बसलं की डोळे दुखतात म्हणायलेत. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं होतं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवा, त्यानंतर हे असले पॅक आले. अण्णांसाठी घेतला तो 84 दिवसांचा, कॉल कितीबी करा, अन् एसएमएस 900. म्हणजे दिवसाला दहाच्या वर. म्हणलं म्हाताऱ्या माणसाला दिवसाला दहा एसएमएस लई झाले. बसस्टँडजवळच्या दुकानातल्या पोरानं वर 100 चा टॉपअप बी मारला, "असू द्या माऊली, अडीअडचणीला", त्याचे 81 रुपये 75 पैसे आले. तवा मी "कामून मारला" म्हणून त्याच्यावर चिडलो होतो.

पुढं महिन्याभरानं मी गावाकडं गेलो, म्हणलं अण्णांचं यूपीआय चालू करून देऊ, माझ्या हॉटस्पॉटवर. आता यूपीआय चालू करताना ते अॅप तुमच्या सिमवरनं स्वतःच एक एसएमएस पाठवतं, नंबर तुमचाच आहे का ते बघायला, अन् त्याला साधा एसएमएसचा रेट लागतो. स्क्रीनवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, वाचतंय कोण. तर तो एसएमएस जाईचना. एकदा केलं, दोनदा केलं. बॅलन्स बघितला तर शून्य. 900 एसएमएस बी खल्लास. 84 दिवसांतले अजून पन्नासच्या वर दिवस बाकी!

पहिला संशय कॉलर ट्यूनवर. आमच्या इकडं बॅलन्स गेला की सगळे तेच म्हणतात, कुठंतरी चुकून बटण दाबलं आसंल. 155223 ला लावला, हा नंबर सगळ्या कंपन्यांना एकच आहे, असल्या पैसे खाणाऱ्या सर्व्हिस चालू आहेत का ते कळतं अन् बंद बी करता येतात. 2013 पासनं नियम बी आहे की दोनदा हो म्हणल्याशिवाय असली सर्व्हिस चालू करायची नाही. काहीच चालू नव्हतं. मग 198 वर तक्रार, ते बी फुकट आहे. तिकडनं ताईनं शांतपणे सांगितलं, "सर, पैसे एसएमएसचेच कटलेत." अण्णा म्हणले मी तर कुणाला पैशाचा मेसेज केलाच नाही.

मग मीच मेसेजचं अॅप उघडलं. अन् बघतो तर काय, सप्ताह!

अण्णा भजनी मंडळाचं बघतात. 42 लोक. निम्म्यांकडं बटणाचे फोन, म्हणून व्हॉट्सअॅप नाही, एसएमएस. सप्ताहात रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, कोणाचं कीर्तन, हरिपाठ किती वाजता, पंगत कोणाची. 42 दुणे 84, सात दिवसाचे 588. 900 मध्ये आरामात बसायला पायजे होते ना? मला बी तसंच वाटलं.

खरी गोम इथं आहे. एसएमएस इंग्रजी अक्षरात लिहिला तर एका मेसेजात 160 अक्षरं बसतात. मराठीत लिहिला की फक्त 70. अन् त्या 70 मध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षराचा पाय, मधली मोकळी जागा, सगळं वेगळं मोजतात. नुसतं "उद्या" लिहिलं तर आपल्याला दोन अक्षरं दिसतात, फोनच्या हिशोबानं पाच. 70 च्या वर गेलं की त्याचे तुकडे पडतात, अन् मग एका तुकड्यात 67 च. समोरच्याला जोडून एकच मेसेज दिसतो, पण कंपनी तुकडे मोजते. अन् इंग्रजी अक्षरातल्या मेसेजला नुसता एक हात जोडलेला इमोजी लावला तरी सगळा मेसेज 160 वरनं 70 वर येतो. किती जणांना माहित आहे हे? मला नव्हतं, अन् मी दिवसभर फोनवरच असतो.

अण्णांचे मेसेज 100-120 चे, म्हणजे दोन तुकडे. दिवसाला 168. पाच दिवसात 840 गेले. सहाव्या दिवशी सकाळच्या मेसेजात उरलेले 60 संपले अन् वरचे 24 रुपये टॉपअपमधनं कटले, लोकलला 1 रुपया रेट आहे, एसटीडीला दीड. संध्याकाळचा मेसेज असा होता:

"उद्या काल्याचं कीर्तन सकाळी 10 वाजता. वेळेवर या. राम कृष्ण हरी. महाप्रसाद आहे."

मी बसून मोजलं. "राम कृष्ण हरी." पर्यंत 63 होतात. एका मेसेजात बसला असता, 42 लोकांचे 42 रुपये, अन् हैद्राबादच्या दोन नंबरांचा रुपयाभर जास्त. "महाप्रसाद आहे" नं 78 झाले, दोन तुकडे, डबल पैसे. मधीच बॅलन्स संपला अन् लिस्टमधल्या शेवटच्या चौदा-पंधरा जणांना मेसेज गेलाच नाही. त्यातले काही जण अण्णांवर अजून बी रुसलेत, आम्हाला सांगितलं नाही म्हणून.

तर पॅकचं परीक्षण असं. कॉलला एक नंबर, रेंज आमच्या शेतात बी येती. एसएमएस 900 लिहिलेत, पण मराठीत लिहिणाऱ्यानं साडेचारशेच धरायचे. हे पॅकच्या माहितीत कुठंच नाही, अन् कोटा संपत आला की सांगणारा मेसेज आला असंल तरी अण्णांनी वाचला नाही. दीड स्टार ह्याचाच कापला. टॉपअपबद्दल माझं आधीचंच मत आता पक्कं झालंय, मोकळा बॅलन्स जेवढा जास्त तेवढा गुपचूप जाणार. दहा-वीसच्या वर ठेवू नका.

फोनमधलं बी जरा बघून घ्या. गुगल मेसेजेस मध्ये आरसीएस, म्हणजे नेटवरनं मेसेज पाठवायची सोय, चालू असलं तर समोर पण आरसीएसवाला असला की मेसेज नेटवरनं जातो, पण नेट नसलं की तोच मेसेज साधा एसएमएस म्हणून आपोआप परत पाठवायचं एक सेटिंग असतंय, ते अण्णांच्या फोनमध्ये मी बंद केलं. अॅप्सच्या स्पेशल अॅक्सेसमध्ये प्रीमियम एसएमएस (जादा पैसे कापणारे) म्हणून आहे, तिथं कोणत्या अॅपला परवानगी दिलेली नाही ना बघा. आयफोनवाल्यांनो, आयमेसेज, म्हणजे आयफोनचा नेटवरनं जाणारा मेसेज, चालू होताना फोन गुपचूप परदेशी नंबरला एसएमएस टाकतो, सिम बदललं की परत, तुमचे पाच रुपये कुठं जायलेत ते आता कळलं असंल. अन् आयमेसेज गेला नाही तर साधा मेसेज पाठवायचं बटण त्यात बी आहे.

मी अण्णांना म्हणलं कॉल फुकट आहेत, सरळ फोन लावा की सगळ्यांना. तर म्हणले, "एकेक जण धा-धा मिनिटं बोलतंय, सप्ताह करू का फोनच करू?" बरं, इंग्रजी अक्षरात मराठी लिहा म्हणलं, तर मंडळातल्या म्हाताऱ्यांना ते वाचता येत नाही. ते बी खरंच.

मग अॅपमध्ये लिहिताना कोपऱ्यात जो बारीक आकडा दिसतो, किती अक्षरं उरली त्याचा, तो त्यांना दाखवला. अण्णांना हे लईच आवडलं. चष्मा लावून तोच काल्याचा मेसेज परत लिहिला, "महाप्रसाद आहे" खोडलं अन् नुसतं "प्रसाद" केलं, पुढचा ठिपका बी काढला. आकडा शून्यावर आला, बरोब्बर 70.

"बसला बग," म्हणले.