कंबरेच्या सांध्यातील पू : एका अस्थिरोग विभागाचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाच्या सॅक्रोइलिअक सांध्यात, म्हणजे माकडहाडाच्या वर जिथे कणा ओटीपोटाच्या हाडांना जोडला जातो तिथे, जंतुसंसर्ग होऊन पू झाला होता. गावी सायटिका समजून तीन आठवडे शेक आणि वेदनाशामक गोळ्यांवर काढले. एक्स-रे स्वच्छ आल्याने आम्ही निर्धास्त होतो. या आजारात सुरुवातीला एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही, हे पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात गेल्यावर कळले.

तिथल्या डॉक्टरांनी भावाचा पाय दुमडून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला, गुडघा हलकेच खाली दाबला आणि तो कळवळून बोट नेमके कुठे ठेवतो ते पाहून त्याच दिवशी एमआरआय करून घेतला. सांध्यात आणि त्यापुढच्या इलिअ‍ॅकस स्नायूत पू होता. एवढा ताप असूनही प्रतिजैविक लगेच सुरू होईना, तेव्हा मी चिडलो. रक्तदाब आणि नाडी स्थिर आहे तोवर आधी रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायचे, सीटी स्कॅनवर पाहत सुईने पू काढायचा आणि मगच औषध द्यायचे, नाहीतर जंतू हाती लागत नाही, शिवाय आपल्याकडे क्षयही तपासावा लागतो, हे निवासी डॉक्टरांनी खाटेशी बसून समजावले. माझ्या मते या विभागाची खरी गुणवत्ता इथे आहे. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू निघाला आणि त्यानुसार औषध बदलले.

तरीही ताप उतरेना, सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारा आकडा) खाली येईना, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. कमरेच्या हाडाच्या कडेने पुढून चीर देऊन गळू रिकामे केले, सांध्यातील सडका भाग खरवडला, सलाइनने धुऊन निचऱ्याची नळी ठेवली. स्क्रू लागले नाहीत. नळीच्या बाटलीवरील चिकटपट्टीवर सिस्टर रोज सकाळी पेनाने रेघ मारून तारीख लिहीत. रेघांमधले अंतर कमी होत गेले, तसा आमचा जीव भांड्यात पडला. प्रतिजैविके एकूण सहा आठवडे चालली, आधी शिरेतून आणि नंतर गोळ्यांनी.

उणिवाही सांगायला हव्यात. खर्चाचा लेखी अंदाज मागूनही मिळाला नाही, आणि फिजिओथेरपिस्ट दोनदाच आले, त्यामुळे वॉकर घेऊन जिना कसा चढायचा हे आम्हाला दुसऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांकडून शिकावे लागले.

जाणार असाल तर केसपेपर सकाळी लवकर काढा, जुन्या एमआरआयची सीडी सोबत न्या, आणि आधी कोणते प्रतिजैविक किती दिवस घेतले ते लिहून न्या. पहिला प्रश्न तोच विचारतात.