जुनं पायथन की जुनं मॉडेल १९?

.३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं जुनं सहाबारी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं, की अमेरिकेतल्या वापरलेल्या मालाच्या बाजारात बोलणं बहुतेक वेळा दोन नावांवर येतं : कोल्टचं पायथन आणि स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९. दोन्ही १९५५ सालची. पायथन २००५ मध्ये थांबलं, मॉडेल १९ त्याआधी १९९९ मध्ये. दोन्ही नावं कंपन्यांनी पुढे परत आणली, पण त्यांची आतली रचना बदललेली आहे. इथे बोलणं फक्त जुन्यांचं.

दिसण्यात पायथन पुढे आहे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. रॉयल ब्लू पॉलिश, नळीवरची झरोक्यांची पट्टी, टोकापर्यंत गेलेला खालचा जाड भाग. घोडा चढवून चाप ओढला तर सुटतोही अगदी स्वच्छ. घोडा न चढवता नुसता चाप ओढला, तर मात्र शेवटी शेवटी तो जड होत जातो, कारण इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एकच स्प्रिंग घोडाही हाकते आणि चापही परत आणते. काहींना तो जडपणा आवडतो, घोडा पडायची वेळ बोटाला कळते म्हणून. माझ्या बोटाला मॉडेल १९ ची सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी ओढ बरी वाटते.

पारडं फिरलं ते मात्र टायमिंगमुळे, म्हणजे सिलिंडरचं प्रत्येक घर वेळेवर आणि नेमकं नळीसमोर येण्यामुळे.

सिलिंडर म्हणजे काडतुसांची सहा घरं असलेला फिरता भाग. त्याला पुढच्या घरापर्यंत ढकलणाऱ्या छोट्या पट्टीला हँड म्हणतात. जुन्या कोल्टमध्ये चाप मागे दाबलेला असताना हा हँड सिलिंडरच्या मागच्या दातेरी चाकाच्या, म्हणजे रॅचेटच्या, दातावर रेटलेलाच राहतो. खालून सिलिंडरच्या खाचेत बसणारी खुंटी, म्हणजे बोल्ट, अडवतो, वरून हँड दाबतो, त्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणी सिलिंडर तसूभरही हलत नाही. लोक ज्याला तिजोरीसारखं कुलूप म्हणतात ते हेच. पण प्रत्येक बाराचा धक्का त्या हँडच्या टोकावर येतो. टोक झिजलं, की सिलिंडर जागेवर पोचायच्या जरा आधीच अडतं आणि बोल्ट खाचेत पडत नाही. मग पिन काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, मध्यावर बसत नाही, आणि गोळी नळीत शिरताना कडेला घासून शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हे धोक्याचं आहे.

उपाय आहे : हँड ठोकून थोडा लांबवायचा किंवा नवा बसवायचा. पण रॅचेटचे सहाही दात अगदी एकसारखे झिजत नाहीत. एका घराला जमवलं की दुसऱ्याला जास्त होतं, म्हणून सहाही घरं तपासत दगडावर घासत बसावं लागतं. हे काम नीट येणारे कारागीर आता थोडे, आणि त्यांच्याकडे रांग मोठी. जे नियमित चालवायचं, ते सहा-सहा महिने दुसऱ्याच्या कपाटात पडून राहणं मला पटत नाही.

मॉडेल १९ मध्येही हँड झिजतो. पण तिथे सिलिंडरला किंचित खेळ मुळातच ठेवलेला असतो, आणि थोडा रुंद हँड घासून बसवला की काम भागतं. सिलिंडर पुढेमागे हलत असेल तर ०.००२ इंच जाडीच्या चकत्या घालून ते बसवता येतं. शिवाय के-फ्रेम, म्हणजे मॉडेल १९ चा मध्यम आकाराचा सांगाडा, १८९९ पासून बनते आहे. त्याच फ्रेमवरच्या .३८ च्या मॉडेल १० चे आतले कितीतरी भाग इथे चालतात आणि चांगला गनस्मिथही सहज मिळतो.

मॉडेल १९ ची दुखरी जागा वेगळी. नळीचं सिलिंडरकडचं तोंड खालून सपाट कापलेलं आहे, कारण फ्रेम लहान आणि तिथे जागा नाही. तिथे धातू पातळ राहतो. १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वेगवान मॅग्नम काडतुसांचा मारा करत राहिलं, तर नेमकी त्याच जागी चीर जाते, आणि बदली नळी मिळणं आता फार कठीण. सरावाला .३८ स्पेशल (याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारं आखूड, सौम्य काडतूस) आणि मोजकी १५८ ग्रेनची मॅग्नम, एवढं पथ्य पाळलं तर ते टिकतं. अमेरिकेच्या सीमा-पोलिसांतल्या, म्हणजे बॉर्डर पेट्रोलच्या, बिल जॉर्डन यांनी ज्या हलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे याच मॉडेल १९ चा, आग्रह धरला होता, त्यामागेही हाच हिशेब होता : सराव .३८ वर, मॅग्नम गरजेला. फक्त .३८ नंतर घरांत काजळीचं कडं बसतं. ते तांब्याच्या ब्रशने काढल्याशिवाय लांब मॅग्नम काडतूस नीट आत जात नाही. तसाच मारा नेहमी मॅग्नमचा करायचा असेल, तर पायथनची फ्रेम मोठी आहे, आणि तिथे माझा कल बाजूला ठेवावा.

घेताना आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा. सिलिंडर उघडायचा खटका कोल्टचा मागे ओढायचा, स्मिथचा पुढे ढकलायचा. मग मालकाला विचारून सिलिंडरवर बोट हलकं टेकवा आणि घोडा अगदी सावकाश चढवा. घोडा अडकायच्या आत सिलिंडर कुलूपबंद झाल्याची टिक ऐकू आली पाहिजे, सहाही घरांना. पायथनमध्ये अंगठ्याने घोडा धरून चाप ओढा, घोडा हळूच खाली आणा आणि चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर हलवून पाहा. खेळ जाणवला तर कारागिराचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मॉडेल १९ मध्ये सिलिंडर बाजूला काढून नळीचं तोंड खालच्या बाजूने टॉर्चच्या उजेडात पाहा. मुठीच्या पुढच्या कडेचा खालचा स्क्रूही बघा : चाप हलका व्हावा म्हणून कुणीतरी तो सैल केलेला असतो आणि मग बार चुकतात. तो पूर्ण आवळलेला हवा. निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं द्रावण त्यावर राहू देऊ नका, आणि दोन्हीपैकी कुठलंही कातडी म्यानात ठेवून देऊ नका. कातडं ओल धरतं आणि पॉलिशवर गंजाचे ठिपके येतात.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पैसे मोजण्याआधी आपल्या राज्याचे नियमही पाहून घ्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर १९८२ च्या आधीचं, नळीला आडवी पिन असलेलं चार इंची मॉडेल १९ मी आधी शोधेन. पायथन मूळ खोक्यासकट आणि टायमिंग शाबूत असलेलं मिळालं, तर ते जपून ठेवायला घ्यावं.