फोनिक्स कार्डं: घरी इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात फोनिक्स कार्डांचे, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या कार्डांचे, ढीगभर संच मिळतात. वाघोली-हडपसरला कामासाठी आलेल्या लातूर-नांदेडकडच्या कुटुंबांत इंग्रजी ऐकवणारं कुणी नसतं, तिथे ए-बी-सी क्रमाचा संच घेऊच नका. एस, ए, टी, आय, पी, एन या 6 अक्षरांपासून सुरू होणारा घ्या. तेवढ्यात 'सॅट', 'पिन', 'टॅप' वाचता येतात आणि मुलाला हुरूप येतो.

खरी गोम उच्चारात आहे. आपल्या व्यंजनात 'अ' मुरलेला असतो, त्यामुळे मूल 'टअ-ॲ-पअ' म्हणतं आणि शब्द जुळतच नाही. कार्डामागे 'ट' छापलं असेल तर पेनने पाय मोडून 'ट्' करा. एवढ्या एका दुरुस्तीने फार फरक पडतो.

चित्रं मात्र बरेचदा निरुपयोगी. 'आय'ला इग्लू! मुलाने तो कधी पाहिलेलाच नसतो. त्याजागी इंजिन चिकटवू नका, त्याचं स्पेलिंग 'ई'ने सुरू होतं. 'इंक'ची बाटली चालेल.

रोज दहा मिनिटं पुरे. बी आणि डी एकाच आठवड्यात काढू नका, हमखास उलटसुलट होतात.