‘थकवा पॅकेज’: चाचण्या ढीगभर, कामाच्या मोजक्या

लॅबवाले ‘फटीग प्रोफाइल’च्या जाहिरातीत चाचण्यांचा मोठा आकडा छापतात, त्याला भुलू नका. एकट्या सीबीसीमधला (रक्तपेशींच्या मोजणीतला) प्रत्येक घटक स्वतंत्र चाचणी म्हणून मोजलेला असतो, लिपिडची (कोलेस्टेरॉलसारख्या चरबीची) गुणोत्तरंसुद्धा. थकव्याचं कारण शोधायला लिपिडचा तसाही उपयोग नाही.

यादीत आधी फेरिटिन ही लोहाची चाचणी शोधा. बऱ्याच पॅकेजांत नुसतं सीरम आयर्न (रक्तातलं लोह) असतं. ते दिवसभरात वरखाली होतं, नुकत्याच घेतलेल्या लोहाच्या गोळीनेही वाढतं. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिन दाखवतं. समजा, एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन 12.4 g/dL आणि फेरिटिन 18 ng/mL आलं. रिपोर्टवर बहुधा एकही लाल खूण दिसणार नाही, कारण फेरिटिनची लॅबची खालची मर्यादाच 15 च्या आसपास असते. पण बरेच डॉक्टर 30 च्या खाली कमतरता धरतात, आणि थकवा तिथूनच सुरू झालेला असू शकतो. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटंच चढतं, म्हणून सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी) हवं. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं फेरिटिन कमी आलं, तर पोटातून रक्त जातंय का हे तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर भागवू नये.

थायरॉइडसाठी सुरुवातीला टीएसएच (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनची चाचणी) पुरेसं. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी येतं; निदान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा. रक्त घेणाऱ्याने हे विचारायला हवं, पण सहसा कुणी विचारत नाही.

व्हिटॅमिन बी-12 हवंच, विशेषतः मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर. 200 ते 300 pg/mL मध्ये आलं तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नका. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ठीक, मात्र लोह कमी असताना ते थोडं वाढलेलं दिसू शकतं. साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एलएफटी (यकृतासाठी) असावं. व्हिटॅमिन डीचा थकव्याशी संबंध सांगतात तेवढा पक्का नाही.

पॅकेजची खरी उणीव झोपेची. घोरणं, सकाळी डोकं जड, बसल्या बसल्या डुलकी: हा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अधूनमधून थांबणं) असू शकतो, आणि रक्तात तो सापडत नाही. त्याला स्लीप स्टडीच (झोपेत श्वासाची नोंद घेणारी तपासणी) लागते. नैराश्य किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांची सुस्तीही रिपोर्टमध्ये उमटत नाही.

त्यामुळे पॅकेजपेक्षा डॉक्टरांकडून मोजक्या चाचण्या लिहून घेतलेल्या बऱ्या. वजन आपोआप उतरत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर बुकिंगच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा.